फॉरमॅट न मारता

मलकापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नात कॅमेरा नवरा धरतो, नंतरची सगळी कापाकापी मी करते. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला वैतागून मीच कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. नवऱ्याला ते कधीच पटलं नाही.

लगीनसराईत व्हिडिओ ठेवायला जागा पुरेना, म्हणून जुन्या, पडून असलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून या कॉम्प्युटरला जोडली. बटण दाबलं तर काळा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं, पुढे काही हलेना. याच्या मूळ डिस्कवर धामणगाव बढ्याच्या एका लग्नाचं शूटिंग होतं आणि कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसून झालेली. नवरीची आई त्याच दुपारी ते बघायला येणार होती.

शेजारचा दुरुस्तीवाला डोकावला. "वहिनी, फॉरमॅट मारा लागते. पेनड्राइव्ह घेऊन येतो." आमच्याकडे कॉम्प्युटरला शिंक आली तरी फॉरमॅट मारतात.

"अन् लग्न पुसलं गेलं तर?" मी विचारलं.

"मंग काय करतं?" नवरा म्हणाला. "तुह्या लिनक्सनंच घात केला. आता काऊन अडून राह्यली?"

मी भडकले. झाकण उघडून जुनी डिस्क सोडवली. कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. म्हणजे लग्न सुखरूप होतं! परत जोडली, परत काळा पडदा. मग मात्र चिडणं सोडून ती अक्षरं नीट वाचली. व्हिडिओचा कप्पा सापडत नाही, एवढंच ते म्हणत होतं.

सापडेल कसा? पहिल्या डिस्कवरचा कप्पा उघड, असं लिनक्स टाकताना मी कॉम्प्युटरला लिहून दिलेलं. आता जुनी डिस्क पंगतीत पहिल्या पाटावर बसली, आमची दुसऱ्यावर सरकली आणि कॉम्प्युटर बिचारा पाट बघूनच वाढत होता. जुनी डिस्क काढून तो चालू केला, पाटाचा उल्लेख खोडला आणि त्या कप्प्याचा स्वतःचा, कधी न बदलणारा ओळख क्रमांक लिहिला. मग दोन्ही डिस्क जोडून, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

सुरू झाला! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

दुपारी नवरीची आई पडद्यासमोर बसून लेकीची वरात बघत होती, तेवढ्यात दुरुस्तीवाला पेनड्राइव्ह घेऊन दारात आला. नवऱ्याने त्याला तिथेच थांबवलं.

"राहू द्या भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी आमच्या घरातच हाय."

मी वरातीच्या बँडचा आवाज मुद्दाम मोठा केला.