गूळ मागणारी देवी

दुपारची जेवणं झाली, मोठी माणसं लवंडली, की मागच्या पडवीत देवी यायची. देवी दहा वर्षांची होती. तिचे दोन भाऊ, एक आठ वर्षांचा आणि एक सात, पालथ्या डब्यावर चमच्यांनी संबळ वाजवायचे. सगळ्यांत धाकटी चार वर्षांची. ती भक्त असायची आणि नेहमी नको तेव्हा पाया पडायची. देवी रिबीन सोडायची, केस तोंडावर घ्यायची आणि घुमायला लागायची.

"आई, माझी पेन्सिल कुणी घेतली?" आठ वर्षांचा विचारायचा.

"जो डबा वाजवतोय त्यानं."

"मीच तर वाजवतोय!"

"मग तूच घेतली."

"आई, उद्या गणिताचे मास्तर शाळेत येणार का?"

"न्हाय येणार. त्याला हगवण लावते मी."

"अगं, आपले बाबाच की ते!"

देवी जरा थांबायची. "मग येतील. पण उशिरा."

"आई, तुला काय पाहिजे?"

"गूळ."

"अजून?"

"शेंगदाणे. आणि गूळ."

मग धाकटी काकू तोंडात पदर कोंबून हसत उठायची आणि गूळ आणायची. देवीला लिंबाएवढा खडा, बाकीच्यांना बोटाच्या पेराएवढा. धाकटी देवीच्या पाया पडून तिच्याच हातातला गूळ चाटून घ्यायची.

मी भिंतीला टेकून हे बघत असे. बोलत नसे. हैद्राबाद राज्य मोडलं तेव्हा वडिलांच्या कचेरीतल्या मराठी लोकांना औरंगाबादकडं पाठवलं. तिथं घर मिळेपर्यंत मला तुळजापूरला, थोरल्या काकांकडं ठेवलं होतं. मी अठरा वर्षांची होते. सिकंदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, आई लहानपणीच गेलेली. माझं मराठी पुस्तकातून वाचल्यासारखं निघायचं. पहिल्या दिवशी मी पाणी मागितलं तर पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी त्याचं गाणं केलं: "यस मडम, नो मडम, पोटात दुखतंय मडम." घरभर ते चालायचं. थोरले काका गणिताचे मास्तर, कडक माणूस; तेसुद्धा एकदा ताटावर हसले. तेव्हापासून मी लागेल तेवढंच बोलत असे. त्यापेक्षा बघणं सोपं होतं.

घर आत्याचं होतं. तसं कागदावर दोन्ही काकांचं, पण किल्ल्या विधवा आत्याच्या कमरेला. थोरली काकू, या चार पोरांची आई, चुलीपुढून उठायची ती झोपायलाच. धाकटे काका बेंबळीकडची शेती बघायचे, तिकडंच राहायचे आणि आठवड्याच्या शेवटी यायचे. त्यांची बायको, ही हसणारी धाकटी काकू, कानडी मुलखाला लागून असलेल्या मुरूमची. बोलता बोलता "अय्यो" म्हणायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना, कुणी आलं-गेलं तरी आत्या एकच म्हणायची, "धाकट्याचा पाळणा हलंना." काकू ऐकून घ्यायची. पोरंही ऐकायची. ती आत्याचं सगळंच ऐकायची आणि पाठ करायची. बाजारातून आणलेल्या वांग्यांत एक जरी किडकं निघालं तरी आत्या सगळी परत पिशवीत भरायची आणि पोरांना पिटाळायची, "जिथनं आणली तिथं ठेवून या." गल्लीच्या टोकापर्यंत दोघं भाऊ कमरेवर हात ठेवून, आत्यासारखी मान हलवत, तेच वाक्य ओरडत जायचे.

घुमायचं कसं हे थोरलीला, म्हणजे देवी होणाऱ्या पोरीला, धाकट्या काकूनंच शिकवलं होतं. मुरूमला तिच्या शेजारी एक बाई घुमायची. "खांद्यापासनं न्हाय गं, कमरेपासनं. आणि दम असा सोड, हूं, हूं. अय्यो, हसू नको, देवी हसती का कुठं?" असं म्हणून स्वतःच हसायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं म्हणून ती या चौघांत रमायची असं शेजारणी म्हणत. मला वाटतं, ती स्वतःच अजून खेळायच्या वयातली होती. बावीसची असेल.

आणि एक गोष्ट मी शिकवली. देवळात मंगळवारी बायकांच्या अंगात येतं ते मी कोपऱ्यातून पुष्कळ वेळा पाहिलं होतं. एकदा पडवीत थोरलीला म्हटलं, "खऱ्या देव्या आल्या आल्या काही मागत नाहीत. आधी रागावतात. तुम्ही मला विसरलात, असं म्हणतात. मग लोक घाबरतात आणि विचारतात, काय चुकलं. मग सांगायचं." इतकं सलग मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले होते. थोरलीनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. तेव्हापासून माझं गाणं तिनं थांबवलं. भावांनी म्हटलं तर चापट द्यायची. मला ते फार आवडलं.

नवरात्रात एका दुपारी आराधिणी आल्या. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी. दारोदार देवीची गाणी म्हणणाऱ्या बायका. बरोबर संबळ वाजवणारा म्हातारा. शेजारच्या आठ-दहा जणी येऊन अंगणात बसल्या. आत्यानं परडीत पीठ-मीठ घातलं. काकू सगळ्यांना पाणी देत होती. खुशीत होती. थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून ती आराधिणींना म्हणाली, "आमच्या घरात बी एक देवी हाय बरं का. गूळ मागणारी!"

सगळ्या हसल्या. एक आराधीण म्हणाली, "अगं बया, मग आमच्या परडीत घाल की गुळाचा खडा." पुन्हा हसल्या. थोरलीचे कान लाल झाले. ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

संबळ सुरू झाला. दुसऱ्या गाण्याला थोरलीनं रिबीन सोडली.

कमरेपासून. हूं, हूं. केस पुढं. ती अंगणाच्या मध्यावर सरकत गेली. धाकटी लगेच पाया पडायला धावली, तिला थोरल्या काकूनं मागं ओढलं. दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं आणि डबा शोधायला निघाले, मग इथं खराच संबळ आहे हे त्यांच्या लक्षात आलं. धाकट्या काकूनं पदर तोंडात घातला होता. ती हसत होती.

पण आराधिणी हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले. मग शेजारणींनी जोडले. म्हाताऱ्यानं संबळ जोरात केला. आत्या कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आली, गुडघ्यावर बसली.

"आई, कोण आलीस? काय चुकलं लेकरांचं?"

"मला इसरला तुमी," थोरली म्हणाली. आवाज जाड काढला होता. अगदी मी सांगितलं होतं तसं, आधी राग. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आनंद झाला. माझं शिकवणं इतकं बरोबर उतरलं होतं.

"काय इसरलो, आई?"

थोरली घुमत राहिली. पुढचं तिच्याजवळ नव्हतं. गूळ म्हणायची सोय नव्हती. मग जे रोज कानावर पडायचं ते आलं. "पाळणा हलंना. धाकट्याचा पाळणा हलंना."

अंगणात कुणीतरी "आई गं" म्हणालं.

"मग काय करावं, आई?"

केसांच्या आतून थोरलीनं एक डोळा उघडला आणि माझ्याकडं पाहिलं. तो डोळा मला अजून दिसतो. तो दहा वर्षांच्या, घाबरलेल्या पोरीचा डोळा होता, आणि आता कसं थांबायचं हे तो मला विचारत होता. मला उठून एवढंच म्हणायचं होतं की ही खेळते आहे. अंगणात वीस माणसं होती. माझं मराठी माझ्या घशात शब्द शब्द जुळवत बसलं. मी मान खाली घातली.

"जिथनं आणली," थोरली म्हणाली, "जिथनं आणली तिथं ठेवून या."

"कवापर्यंत, आई?"

"मी सांगन तवा आणा." आणि ती पडली. पडणंसुद्धा काकूनंच शिकवलेलं, डोकं आपटू नये म्हणून हात आधी टेकून.

काकूच्या तोंडात पदर तसाच होता. हसू मात्र गेलं होतं.

शनिवारी धाकटे काका आले. दिवेलागणीच्या आधी ते मला आडापाशी गाठून म्हणाले, "तू जवळ बसली होतीस म्हणं. तू शिकलेली हायेस. पोरीचं खरंच होतं का ते, का उगंच?"

तोवर काका माझ्याशी स्वतःहून कधी बोलले नव्हते. दोरी हातात धरून ते वाट बघत होते. हो किंवा नाही, एवढंच हवं होतं.

"मला त्यातलं कळत नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी पोहरा आत सोडला.

दसरा झाला आणि काकूला माहेरी, मुरूमला पाठवायचं ठरलं. गाडी नळदुर्गवरून जायची. स्टँडवर पोचवायला मला आणि थोरलीला धाडलं. थोरली सगळा रस्ता चार पावलं मागून चालत आली. काकू ट्रंकेवर बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "केस काय छान सोडले गं तिनं. असं मला बी जमलं न्हाय कधी." मग पदर सारखा करत, "तिनं डोळा उघडला होता. तुला दिसलं होतं ना?"

"गाडी आली," मी म्हटलं आणि ट्रंकेची कडी धरली.

गाडी खरंच आली होती. पण तिनं विचारलं तेव्हा नव्हती आली.

घरात दुपारी आता कुणी डबा वाजवत नव्हतं. धाकटी रोज विचारायची, काकू कधी येणार, आणि रोज तिला सांगायचे, देवी सांगेल तेव्हा. चार वर्षांचं पोर, तिनं ते शब्दशः घेतलं. ती थोरलीच्या मागं लागली, "सांग ना गं, सांग ना." भाऊही लागले. "ए, सोड की रिबीन. 'आणा' म्हण फक्त. आम्ही वाजवतो." थोरली म्हणायची, "मला येत न्हाय आता." असा महिना गेला.

शेवटी ती तयार झाली. पोरांनी चांगला मंगळवार बघितला, आणि आत्या जागी असेल, पडवीत वाती वळत बसली असेल अशी वेळ धरली. सगळं मोठ्यानं म्हणायचं ठरलं होतं, आत्याला ऐकू गेलं पाहिजे. डबा वाजला. थोरली घुमली. पण अंग ताठ, खांद्यापासून, वाईट.

"मला इसरला तुमी! मुरूमची काकू आणा! आत्ताच्या आत्ता आणा!"

"आणि गूळ!" धाकटी पाया पडता पडता ओरडली.

आत्यानं वाती खाली ठेवल्या. उठली, थोरलीचे मोकळे केस मुठीत धरले आणि दोन्ही गालांवर मारलं. "देवीची चेष्टा करतीस? देवीची?" डबा वाजवणारे पळाले.

"तवा बी मीच होते!" थोरली किंचाळली. "तवा बी खेळच होता! ताईला विचार! ताईनंच शिकवलं!"

सगळी माझ्याकडं बघायला लागली. चुलीपुढून थोरली काकूसुद्धा उठून आली होती. आणि मी बोलले. एकदाचं. घुमायचं कुणी शिकवलं, रागावायचं कुणी शिकवलं, डोळा कसा उघडला, वांग्याचं वाक्य कुठून आलं, सगळं सांगितलं. मोडकंतोडकं, पण सगळं.

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. थोरलीचे केस तिच्या मुठीतच होते.

"झालं?" ती म्हणाली. "ही पोरगी माझ्या मांडीवर मुतून मोठी झाली. हिचा आवाज मला वळखू येत न्हाय व्हय?"

"मग तेव्हा तुम्ही..."

"मी भावजय घालवली असती तर गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं. देवीच्या तोंडात कोण घालतंय?" तिनं थोरलीला खाली बसवलं, स्वतः तिच्या मागं बसली आणि वेणी घालायला लागली. "धाकट्यासाठी लोहारा गावाकडनं काल निरोप आलाय. पोरगी धडधाकट हाय, घरात पाच भाऊ हायेत. पौषाच्या आत उरकायचं. गाजावाजा न्हाय करायचा." दुसऱ्या लग्नाला कायद्यानं बंदी आली होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यासाठी मुरूमच्या माणसांनी कोर्टाची पायरी चढायला हवी होती, आणि देवीच्या शब्दावर कोर्टात जाणारी ती माणसं नव्हती.

तेव्हा मला अंगणात पाण्याचा आवाज आला. धाकटे काका लग्नाच्या बोलण्यासाठी मधल्या वारीच शेतावरून आले होते आणि दगडावर उभे राहून पाय धूत होते. किती वेळ ते मला माहीत नाही. अंगणातून पडवीतलं सगळं ऐकू येतं. एक पाय धुऊन झाला होता. त्यांनी तांब्या पुन्हा बुडवला, दुसऱ्या पायावर पाणी घेतलं, टाच दगडावर घासली.

आत्यानं वेणी इतकी घट्ट ओढली होती की थोरलीच्या भुवया वर गेल्या होत्या. ती रडत नव्हती. माझ्याकडंही बघत नव्हती.

काका आत आले, खुंटीवरच्या पंच्याला पाय पुसले आणि पाटावर बसले. ते आले की काकू वाढायची. ती गेल्यापासून ते काम माझ्याकडं आलं होतं.

"वाढ," ते मला म्हणाले.

मी दोन भाकरी, पिठलं आणि कांदा वाढला. ते मान खाली घालून जेवले. भाकरी कडक झालीय, एवढंच म्हणाले.