वॉल्टरसान, खरा पत्ता दिला

तुमचं चुकतच होतं, वॉल्टरसान. आज तुम्ही नाही म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाही.

इस्पितळाचं दार उघडलं म्हणजे माणूस घरी पोचत नाही. किती वेळा सांगितलं तुम्हाला.
आणि तुम्ही दर वेळी तेच. "आधी दार तर उघडू दे."

मित्रांनो, वॉल्टरसान कोण, ते सांगतो. ('सान' म्हणजे जपानीतलं आपलं 'राव'.) (गावच्यांना ही पोस्ट दिसणार नाही अशी सेटिंग केलीय. कारण खाली कळेल.)

इथं जपानात ग्योतोकु स्टेशनजवळ मी कामाला आहे ते इंडियन हॉटेल. दर मंगळवारी दुपारी एक म्हातारा अमेरिकन यायचा. दाल, एक नान, तिखट कमी. चाळीस वर्षं जपानात इंग्लिश शिकवलं, लग्न केलं नाही.
मी तंदूरवर. गर्दी ओसरली की त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचो. त्यांचं इंग्लिश, माझं मोडकं जपानी, बाकी हातवारे.

मी नववी नापास. तीन वर्षांत हे तिसरं हॉटेल. एकदा त्यांनी विचारलं, "कशापासून पळतोस रे?"

मी सांगून टाकलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ, दादा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. आमच्या वडिलांनी, आबांनी, त्याला वेड्यांच्या इस्पितळात भरती केलं. फॉर्म मी भरला. घरात अक्षर माझंच बरं.
पत्त्याच्या रकान्यापाशी आलो तसे आबा हळूच म्हणाले, "दुसरं गाव टाक. नायतर उद्या आणून सोडतील."
मी शेजारच्या तालुक्यातलं एक गाव टाकलं. वळणदार अक्षरात.
आपल्या गावात सांगितलं, सुरतेला मिलमध्ये लागला.

वॉल्टरसान रागावले नाहीत. त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं.

ती अमेरिकेत अशाच एका सरकारी इस्पितळात होती. गावाएवढं इस्पितळ. स्वतःची शेती, स्वतःची लाँड्री. आई त्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. रविवारी हे भेटायला जायचे, तेव्हा बाकांवर माणसं ओळीनं बसलेली असायची. काहींच्या अंगावर कपडासुद्धा नाही.
असले फोटो पेपरात आले. लोकांना लाज वाटली. मग गोळ्या निघाल्या. मग सरकारनं कायदा केला, की मोठी इस्पितळं रिकामी करायची, गावोगावी छोटी सेंटरं काढायची.
इस्पितळं रिकामी झाली.
सेंटरं कित्येक ठिकाणी झालीच नाहीत.

"आम्हाला पत्र आलं होतं, घेऊन जा म्हणून," वॉल्टरसान म्हणाले. "वडिलांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. मी तुझ्याएवढा होतो. मीही गप्प बसलो."

इस्पितळ थांबलं नाही. तिला परक्या शहरात एक भाड्याची खोली दिली आणि पिशवीभर गोळ्या.
"दोन हिवाळे काढले तिनं."
तिसऱ्याचं मी विचारलं नाही.

"तुझ्या घरी तर पत्रही येत नसेल," ते म्हणाले. "तूच तशी सोय केलीस."

मग दर मंगळवारी एकच. "फोन केलास?"
"शेठ सुट्टी देत नाही."
"फोनला सुट्टी लागत नाही. नान चांगला भाजतोस, पण कारणं त्याहून खरपूस."

शेवटच्या मंगळवारी माझं डोकं फिरलं.
म्हणालो, "तुमच्या देशानं केलं तेच मी करू? बाहेर काढून रस्त्यावर सोडू? स्वतःच्या आईला आणलं नाही तुम्ही. मला शिकवू नका."

त्यांनी चमचा खाली ठेवला. पैसे दिले. जेवण छान होतं, असं नेहमीसारखं जपानीत म्हणाले आणि गेले.
अर्धा नान ताटात तसाच.

पुढचे दोन मंगळवार आले नाहीत. मला वाटलं, रुसले.
मग त्यांच्या बिल्डिंगवर गेलो. घरमालकीण बाई म्हणाल्या, हार्ट. नऊ दिवस झाले. नातेवाईक कुणी सापडले नाहीत, सिटी ऑफिसनंच सगळं उरकलं.

इथं मयताच्या घरी पाकिटात पैसे घालून देतात. दुसऱ्या दिवशी दहा हजार येन घालून परत गेलो. बाईंनी वाकून, दोन्ही हातांनी पाकीट परत केलं.
"घ्यायला कुणी नाही," म्हणाल्या.

ते पाकीट हातात धरून स्टेशनबाहेर बसलो. तिथूनच इस्पितळाला फोन लावला.

दादाचं नाव सांगितलं. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या,
"कुठं होता तुम्ही? चार वर्षं झाली, ते बरे आहेत. आमची पत्रं परत येतात."
"पत्ता चुकीचा होता."
"मग बरोबर सांगा."

सांगितला. घर नंबर, गाव, तालुका.

दादा तिथं स्वयंपाकघरात चपात्या लाटतो म्हणे. मला माहीतच नव्हतं.

मग आईला फोन केला. आबा आता नाहीत, ती एकटीच असते. दादा बरा झालाय, घरी आणायचाय, म्हणालो.
"गावाला काय सांगायचं?"
"काहीही सांग."
"मिल बंद पडली म्हणून सांगते. एवढ्यांच्या पडल्या." मग रडली. "सही करायला मीच जाते. आणि खोलीबिली बघू नकोस कुठं. घर आहे त्याला."

वॉल्टरसान, आपलं भांडण मिटलेलं नाही. तालुक्याला डोक्याचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. मधेच गोळ्या संपल्या तर काय, मला कळत नाही. त्यावरून कुणाशी भांडू आता?

तुमच्या आईचं काढायला नको होतं. ते बोलणं मागे घेतो. तुम्ही ऐकायला नाही, तरी घेतो.
निवांत राहा.

दादा शुक्रवारी निघतोय. गाडीभाडं, तीन महिन्यांच्या गोळ्या, एक गादी. आणि दोन नवे शर्ट, मिलमधून आल्यासारखा दिसला पाहिजे.

तुमचं पाकीट फोडलं. त्यात माझे चाळीस हजार घातले.
आज आईला पाठवतोय, पन्नास हजार येन.