त्यांच्या उंचीची काठी

काठी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वाकड्या मुठीची लाकडी काठीच आली होती. म्हणून पुण्यातल्या त्या दुकानात शिरताना मी नवऱ्याला दोनदा म्हटलं, एवढी म्हातारी झाले नाही मी अजून. नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी धारवाडला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि माझा उजवा गुडघा कुरकुर करू लागला होता. नवऱ्याच्या कचेरीतली माणसं दर थंडीत कॅसलरॉक स्टेशनात उतरून रुळांच्या कडेकडेनं घाट उतरायची, त्यात आम्ही दोघंही असायचो. त्या वर्षी रुळांतल्या खडीवर माझा पाय सारखा मुरगळत होता. परत येताना यांनी ठरवून टाकलं की, पुढच्या खेपेला हिला डोंगरात चालायच्या काठ्या घ्यायच्या. हुबळीत शोधल्या, मिळाल्या नाहीत. एका लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा मिळाल्या.

दुकानात तंबू, दोर, जाड तळाचे बूट असलं सामान होतं. काठ्या म्हणजे एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. हव्या तेवढ्या ओढायच्या आणि पिळून घट्ट करायच्या. दुकानदारानं जोडी पुढे ठेवली आणि ही एकाच माणसासाठी असते, दोन्ही हातांत एकेक धरायची, असं नीट समजावून सांगितलं. आमच्या घरी समजावून सांगितलेलं ऐकायची पद्धत नव्हती.

"एकाला दोन कशाला?" हे म्हणाले. "आम्ही दोघं, काठ्या दोन. हिशोब बरोबर आहे की."

दुकानदार हसला आणि त्यानं नाद सोडला. मग मापं झाली. सरळ उभं राहायचं, काठीचं टोक जमिनीवर, मूठ हातात, आणि कोपर काटकोनात आलं पाहिजे. मी त्यांच्या खांद्याच्याही खाली यायची, त्यामुळे माझी काठी त्यांच्या काठीजवळ अगदीच ठेंगणी दिसली. घेण्याआधी त्यांनी दोन्ही काठ्यांवर सगळं अंग टाकून पाहिलं, नळी सरकते का म्हणून. दुकानदाराचा जीव खालीवर झाला, पण नळी सरकली नाही.

त्यानंतर सकाळी आम्ही एकेक काठी घेऊन निघायचो. घर सप्तापुरात, तिथून विद्यापीठाच्या चढावर आणि मागच्या टेकडीच्या मातीच्या वाटेनं. वाटेत भेटणारे एक निवृत्त प्राध्यापक, बर्फावर घसरायच्या काठ्यांसारख्या त्या काठ्या बघून, रोज तेच विचारायचे, "एन्री सर, बर्फ एल्लि ऐति?" म्हणजे, काय हो, बर्फ कुठाय? हे म्हणायचे, "बीळ्लि री, नाव् तयार इदीवि." पडू दे की, आम्ही तयार आहोत. दोघांनाही या विनोदाचा कंटाळा येत नव्हता. मला पहिल्याच आठवड्यात आला होता.

काठी वापरायचीही एक रीत असते. मुठीच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा, म्हणजे भार बोटांवर न येता मनगटावर येतो. डावा पाय पुढे तेव्हा उजव्या हातातली काठी पुढे. चढाला काठी थोडी आखूड करायची, उताराला लांब. हे सगळं ते माझ्या काठीचं करायचे. टेकडीच्या पायथ्याशी थांबून माझी काठी पिळायचे, माथ्यावर पुन्हा पिळायचे. स्वतःच्या काठीला कधी हात लावला नाही. "माझी आहे तशी बरी आहे," म्हणायचे. दुकानात जी उंची लावली तीच कायम राहिली. नळीवर छापलेले आकडे घामानं आणि धुळीनं केव्हाच पुसून गेले होते.

एका वर्षी संक्रांत झाल्यावर ते कचेरीत टेबलावर डोकं टेकून गेले. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळे झोपलेत असं सगळ्यांना वाटलं.

दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत गेले आणि पाचवीला लसावि शिकवला. मुलींना तो कळलाही. मला दुःख होत होतं असं मी म्हणणार नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल असून नसल्यासारखा होतो, तसं माझं झालं होतं. येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून रडायच्या आणि मी त्यांना पाणी द्यायची. कुणी म्हणायचं, किती धीराची. कुणी मागं म्हणायचं, हिला काही वाटत कसं नाही. दुसऱ्या म्हणणाऱ्यांचं बरोबर होतं. मी त्यांचे कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला, स्कूटर विकली. काही वाटलं नाही.

उन्हाळ्यात गुडघा सुजला. हुबळीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की, चालणं सोडू नका, पण दोन काठ्या घेऊन चाला, आणि दोन्ही सारख्या उंचीच्या हव्यात. नाहीतर उद्या शाळेचा जिनाही चढता येणार नाही. मी म्हटलं, घरात दोन आहेत. डॉक्टरांना फार बरं वाटलं.

दाराच्या कोपऱ्यात त्या उभ्या होत्या, एक उंच, एक बुटकी. मी दोन्ही घेऊन निघाले. त्यांची काठी धरली की माझा हात पार छातीपर्यंत वर यायचा. खांदा दुखायचा आणि चाल अशी तिरपागडी व्हायची की, कुत्रीसुद्धा वाट सोडून बाजूला व्हायची. प्राध्यापकांनी आता बर्फाचं विचारणं सोडलं होतं. एकदा थांबून म्हणाले, "द्या इकडं अक्का, खाली करून देतो. एका मिनिटाचं काम."

"असू दे," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाले. मी पुन्हा, असू दे. मग ते लांबूनच मान हलवून जाऊ लागले.

एका मिनिटाचंच काम आहे, हे मलाही दिसत होतं. पण काठी पिळून खाली सरकवली की संपलं. जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंतचं अंतर तेवढं एका ठिकाणी जसंच्या तसं उरलं होतं, आणि ते माझ्या हातानं मोडायला मी तयार नव्हते. यात प्रेम होतं का, तेही मला तेव्हा सांगता आलं नसतं. फक्त हात पुढे होत नव्हता.

टेकडीवर एक वाट होती, चढत नाही, उतरत नाही, उताराला आडवी जाते. तिथं लांब काठी दरीच्या बाजूला आणि आखूड काठी डोंगराच्या बाजूला धरली की खांदे सरळ राहतात. परत येताना हात बदलायचे. ही युक्ती सापडल्यावर सबंध पावसाळा मी त्याच तुकड्यावरून येरझाऱ्या घातल्या. माझं काहीतरी पडलंय आणि मी शोधतेय, असं लोकांना वाटायचं. तिरप्या वाटेनं गुडघा आणखी बिघडला. डॉक्टरांनी विचारलं, काठ्या सारख्या आहेत ना? मी हो म्हटलं. जिना चढताना आता मला कठडा धरावा लागत होता, आणि माझा वर्ग वरच्या मजल्यावर होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी नणंद आली. हुबळीत कमरीपेठेत तिच्या सासरचं भांड्यांचं दुकान आहे. ती यांच्या पाठची, आणि यांच्याइतकीच ताडमाड. तिच्या लग्नाच्या वेळी उंच मुलगा मिळेना म्हणून माझ्या सासऱ्यांनी बेळगावपर्यंत चपला झिजवल्या होत्या. कामाला मात्र वाघीण. मी शाळेतून येईपर्यंत तिनं बाहेरची खोली झाडून, पुसून, भटजींच्या पाटांसाठी मोकळी करून ठेवली होती.

दाराचा कोपरा रिकामा होता.

काठ्या कपाटावर होत्या. पुरत्या मिटवून, एकीला एक लावून, सुतळीनं व्यवस्थित बांधलेल्या.

मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदाच काहीतरी आलं, ते रागाच्या रूपात आलं, आणि चांगलं सणसणीत आलं. "तुला कुणी सांगितलं होतं गं?" मी विचारलं. माझा आवाज शेजारच्यांनी ऐकला असेल.

"अय्य, पाट कुठं मांडायचे मग?" ती म्हणाली. "काय झालं वैनी?"

मी काठ्या खाली काढल्या. सुतळी सोडली, त्यांची काठी ओढली आणि पिळली. एवढे महिने वापरली होती, हाताला आठवेल असं वाटलं. तीनदा लावली. तिन्ही वेळा बरोबर वाटली आणि तिन्ही वेळा उंची वेगळी होती. मग मी खालीच बसले आणि तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, प्राध्यापकांचं, त्या आडव्या वाटेचं. तोपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगतानाच मला कळलं की हे किती खुळ्यासारखं आहे.

ती हसली नाही. काठी उचलून दाराला पाठ लावून उभी राहिली, कोपर काटकोनात धरलं आणि नळी हळूहळू वर आणून पिळली.

"हे बघ," म्हणाली. "आई दर पाडव्याला आम्हाला भिंतीला उभं करून रेघ मारायची. शेवटची रेघ दोघांची एकच होती. त्याच्यावरनं आम्ही किती भांडलोय."

मी उठून मूठ धरली. हात छातीशी जिथं यायचा तिथंच आला. खांद्यालाही ते ओळखीचं वाटलं.

"झालं?" तिनं विचारलं. "आता ऐक वैनी. अण्णाची उंची कुठं जात नाही. माझ्याकडं आहे की. पाहिजे तेव्हा कमरीपेठेत ये आणि मोजून घे. पण ही काठी तुझ्या मापाची कर बाई. चालतीस कशी, बघितलंस का तू?"

मी मूठ तशीच धरून ठेवली. तीही दुसऱ्या कामाला गेली नाही, तिथंच थांबली. मग मी सरळ उभी राहिले आणि तिला म्हटलं, कर.

तिनं नळी सैल केली. मूठ माझ्या छातीवरून खाली येऊ लागली तसं मला रडू फुटलं, अगदी मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. हात मात्र मी हलवला नाही. तिचं अजून माझं माप घेऊन व्हायचं होतं.