अमिहानची आकडी आणि डीनसाहेबांचा माइक

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात शिकणाऱ्या अमिहानला आकडी येते, हे तिने फक्त विद्यापीठाच्या दवाखान्यात सांगितलं होतं. दर सोमवारी होणाऱ्या झेंडावंदनाला एकदा डीनसाहेबांनी माइकवरून तिची आकडी जावी म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. तिने विद्यापीठाकडे रीतसर तक्रार ठोकली. पुढच्या सोमवारी साहेबांनी पुन्हा माइक धरला.

"अमिहानच्या आकडीबद्दल मी बोलायला नको होतं. माफ कर गं, पोरी!"

अमिहान तडक पुढे गेली. "सर, तुमचं काय दुखतं तेही सांगा ना. त्यासाठीही हात जोडतो आम्ही."

साहेबांनी घाईघाईने माइक झाकला. "अगं, असं चारचौघांत विचारतात का?"

पुढच्या रांगांनी ते ऐकलंच. मैदानभर हशा पिकला. तक्रारीचा निकाल वर्षभर लागला नाही, पण प्रार्थनेत पुन्हा कुणाचं दुखणं आलं नाही.