मनगटावरची सुंभाची दोरी

आमची नदी समुद्राला मिळण्याआधी मैलभर फार चिंचोळी होते. दोन्ही काठांवरून तिवरं वाकलेली, मधे जेमतेम दोन होड्या जातील एवढं पाणी, आणि त्या गढूळ पाण्याखाली लांज्याकडच्या डोंगरांतून पुरात वाहून आलेली झाडं. ही झाडं चिखलात रुतून बसत आणि त्यांची खोडं ओहोटीला पाण्याखाली वीतभर लपून राहत. आम्ही त्यांना खुंट म्हणायचो. तांबोशी मासा या खुंटांच्या आडोशाला राहतो, म्हणून आम्हालाही तिथं जाणं भाग होतं.

बाबा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे राहून बांबूनं पाणी चाचपत. मी वल्ही मारायचो, म्हणजे माझी पाठ त्यांच्याकडे. ते हळू आवाजात बाजू सांगत आणि मी तसं वल्हं ओढी. मान वळवून पाहायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. पाण्याकडे एकानंच बघायचं, दोघांनी बघितलं की दोन वाटा दिसतात, असं बाबा म्हणत. दहा वर्षं मी त्यांच्या आवाजावर होडी चालवली आणि एकदाही ती खुंटाला घासली नाही. याचा मला ताठा होता, तो आता लपवून काय करू?

मग थोरला भाऊ मुंबईहून आला. दादा गोदीत फिटर होता. मोडीत निघालेल्या एका लाँचचं इंजिन त्यानं आगबोटीनं आणलं आणि आमच्या होडीला बसवलं. मोसम नीट गेला तर मुंबई सोडून कायमचं घरी राहायचं, असं त्यानं बाबांना सांगितलं. त्या दिवशी बाबा हसले. मी दहा वर्षं घरी राहिलो होतो, पण माझ्या राहण्यावर ते असे कधी हसल्याचं आठवत नाही. मला राग आला. दादाचाही आणि त्या इंजिनाचाही.

इंजिनाच्या धडधडीत बाबांचा आवाज बुडून गेला. तेव्हा त्यांनीच तोड काढली. सुंभाची एक दोरी स्वतःच्या मुठीत धरली आणि तिचं दुसरं टोक पाठीमागे धरलेल्या माझ्या डाव्या मनगटाला बांधलं. एक हिसका म्हणजे उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे, आणि दोरी ताणून धरली म्हणजे इंजिन बंद. मी पूर्वीसारखाच त्यांच्याकडे पाठ करून मधल्या फळीवर बसे आणि उजवा हात वर करून होडीच्या मागच्या टोकाला इंजिनापाशी बसलेल्या दादाला खूण करी. दादाची नजर माझ्या हातावर. नेम मोडायचा नव्हता ना! वल्ही गेली आणि मी हात हलवणारं बाहुलं झालो.

सात-आठ फेऱ्या ठीक झाल्या. मासळीही चांगली लागली. पण त्या दिवशी सकाळी ओहोटी भराभर उतरत होती आणि तिवरांत एक बगळासुद्धा दिसत नव्हता. एका खुंटापाशी इंजिन बंद असताना बाबा दोनदा म्हणाले, "आज पानी बरा नाय, परत फिरूया." दादा म्हणाला, "एवढा एक खुंट बघू, बाबा. मग फिरू." बाबांनी बांबू पुन्हा पाण्यात घातला. ते इंजिन एकदा बंद पडलं की अर्धा तास त्याची मनधरणी करावी लागे. त्यामुळे दादा ते थांबवायला नाराज असे, हे मला ठाऊक होतं.

वळणावर दोरी ताणली गेली. हिसका नव्हता. बंद करायची खूण होती, मला स्वच्छ कळली. मी हात वर केला नाही.

का केला नाही, हे मी म्हातारपणापर्यंत स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. खरं एवढंच आहे की माझ्या मनात आलं, आपटू दे. एकदा इंजिनाचा पाण्यातला पंखा मोडू दे, म्हणजे माझी वल्ही मला परत मिळतील. दोरी आणखी ताणली, मनगटात रुतली. मी समोर दादाकडे बघत बसलो. तो माझ्या हाताची वाट पाहत होता.

होडी खुंटावर चढली. दोरी एकदम तुटली आणि माझ्या पाठीमागं, नाळेकडे, पाण्यात काही पडल्याचं मला जाणवलं. होडी खुंटावरून घसरून पुढे गेली, इंजिन चालूच होतं. आम्ही बाबांना बाहेर काढलं तेव्हा बांबू धरायचा त्यांचा उजवा हात पंख्यात सापडला होता.

रत्नागिरीच्या इस्पितळात तो कोपराखालून कापावा लागला. चौथ्या दिवशी बाबा बोलायला लागले. दादा खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "दोरी ओढली असतीत तर मी लगेच बंद केलं असतं, बाबा."

मी पलीकडच्या बाजूला बसलो होतो. माझ्या मनगटावरचा लाल वळ अजून गेला नव्हता. बाबांनी तो पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. डाव्या हातानं माझी बाही हळूच खाली ओढली आणि वळ झाकला.

"ओडलीच नाय मी," ते दादाला म्हणाले. "माजीच नदर चुकली."

दादा रडला. आपल्या इंजिनानं बापाचा हात खाल्ला, असं तो म्हणत राहिला. आठवड्याभरात त्यानं इंजिन उतरवलं आणि तो मुंबईला गेला. पुन्हा घरी राहायला आला नाही. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आला होता, तेव्हाही त्या हाताबद्दल त्यानं माझी माफी मागितली. मी ती मागू दिली.