घाटाखाली

"नाव राहू दे. राहतो कुठे ते सांग."

कुणीही भेटलं की काकांचं हे पहिलं वाक्य. नवा विद्यार्थी असो, नाहीतर विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. पत्ता कळल्याशिवाय ओळख झाली असं ते धरायचेच नाहीत. वाराणसीतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं छोटं संग्रहालय आहे. तिथल्या शार्क माशांच्या बरण्या काका सांभाळायचे, आणि शेजारचं वाचनालय मी.

काका मूळचे कोकणातले. ते तरुण असताना इथले एक प्राध्यापक मासे गोळा करायला समुद्रकाठी गेले आणि माशांबरोबर मासे ओळखणारा हा माणूसही घेऊन आले. "मलापण बरणीत घालून आणलं रे," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

शार्क हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते मुशी म्हणायचे. इथल्या हिंदी कानांना ते मुंशी ऐकू यायचं, म्हणून सगळं कॉलेज त्यांना मुंशीजी म्हणायला लागलं. मराठीतून काका म्हणणारा मी एकटाच.

तुम्ही संग्रहालयात पाऊल टाकलं असतं, तर तुमचीही सुटका नव्हती. "ही साधी मुशी. उथळ पाणी, तळाला चिखल, खाडीचं तोंड. ही कानमुशी, डोकं बघा हातोड्यासारखं. लहान असते तोवर किनाऱ्याला, मोठी झाली की खोल पाण्यात. ही पट्टेवाली खडकाच्या कपारीत." शेवटी ते एका जबड्यापाशी थांबायचे. "ही गंगेतली. खाली बंगालकडे, गढूळ पाण्यात राहायची."

"आणि आता?" कुणीतरी विचारायचंच.

"आता नुसता पत्ता राहिलाय," असं म्हणून ते फडकं उचलून बरण्या पुसायला लागायचे.

माझी मुलगी झाली तेव्हा घरी येऊन त्यांनी माझ्या आईला सांगितलं, "वहिनी, सुनेला मुशीचं कालवण द्या. आमच्याकडे बाळंतिणीला तेच देतात, दूध उतरतं." आई अमृतराव घाटावरच्या भटजींची लेक. तिने दोन्ही कान झाकले. काका मात्र आठवडाभर मला विचारत होते, "दिलं का रे?"

एकदा बरण्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या टाईप करायला नवा कारकून आला. काकांच्या अक्षरात होतं, 'मुशी. घाटाखाली, खाडीच्या तोंडाशी.' पठ्ठ्याने छापलं, 'मुंशी घाट के नीचे.' या नावाचा घाट गंगेवर खरोखरच आहे. दुसऱ्याच दिवशी पहिल्या वर्षाची एक मुलगी घाबरून विचारायला आली, "मुंशीजी, मुंशी घाट पर नहाना ठीक है ना?" अहो, मी पोट धरधरून हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि जुनी परत चिकटवली. "पत्ता चुकला की जिनगानी फुकट जाते रे मुशीची," म्हणाले. मला तेही विनोदीच वाटलं.

बरण्यांतल्या औषधाने त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मग खोकला लागला. तो काही हटेना. निवृत्त झाल्यावरही ते रोज यायचे, जिना चढून आल्यावर स्टुलावर बसून दम खायचे. लग्न केलेलं नव्हतं. गावाकडचं विचारलं की एवढंच म्हणायचे, "आमच्या खाडीत आता मुशी येत नाही म्हणे." गावाचं नाव मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

इस्पितळात शेवटच्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "मला इथे ठेवू नको. घाटाखाली ने."

"नेतो, काका."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"भरती बघून सोड."

गंगेला कसली भरती? मला वाटलं, तापात बरळतायत. तरी हो म्हणालो. त्यांनी हात सोडला, चेहरा निवांत झाला. संध्याकाळच्या आत ते गेले.

दिलेला शब्द मी पाळला. अग्नी दिला, अस्थी गोळा केल्या आणि मुद्दाम मुंशी घाट निवडला. म्हटलं, मुंशीजींना शोभेल, ती जुनी गंमतही त्यांना आठवेल. पायऱ्या उतरून नाव केली, मडकं पाण्यात सोडलं. खरं सांगतो, घरी येताना मला बरं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी दफ्तरात त्यांची जुनी फाईल निघाली. तिच्यात गावचा पत्ता होता. कळवल्यावर त्यांची भाची दोन गाड्या बदलून आली. पन्नाशीची बाई, हातात पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेला रिकामा तांब्या.

"अस्थी न्यायला आलेय. मामा दर फोनला सांगायचा, मेल्यावर मला घाटाखाली आणा."

"नेलं ना त्यांना," मी म्हणालो. "मला पण तेच म्हणाले होते. मुंशी घाटाच्या खाली, मी स्वतः सोडलं."

"अहो, घाटाखाली म्हणजे आमचं कोकण. सह्याद्रीचा घाट उतरलं की."

मी काशीत जन्मलेला माणूस. आमच्या घरात घाट म्हणजे पायऱ्या, दुसरा अर्थ मी कधी ऐकलाच नव्हता. 'घाटाखाली, खाडीच्या तोंडाशी' ही चिठ्ठी वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. कारकुनाला हसलो होतो मी.

तिला मुंशी घाटावर घेऊन गेलो. ती शेवटच्या पायरीवर बसली, पाण्यात हात घातला, बोट जिभेला लावून पाहिलं.

"इथे भरती येते का हो?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "नाही."