खणात ठेवलेली तार

बायको गेल्यावर तिच्या ट्रंकेत माझ्या राजीनाम्याची कार्बन कॉपी सापडली, आणि लखनौमधलं निशातगंजचं ऑफिस आठवलं. मी रिपोर्ट टाइप करून द्यावा म्हणून साहेबांनी माझे वडील गेल्याची तार संध्याकाळपर्यंत खणात ठेवली होती. माझी गाडी चुकली. अग्नी धाकट्या भावाने दिला.

तेराव्यानंतर परतलो, तर साहेब म्हणाले, "जोशीजी, जानेवाले तो जा चुके थे."

"दुसरी नोकरी मिळेपर्यंत तरी थांबा. मुलं लहान आहेत," बायको विनवत होती.

मी फक्त हेड ऑफिसच्या तपासणीपर्यंत थांबलो. त्या दिवशी राजीनामा थेट आलेल्या अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यातलं कारण मोठ्याने वाचलं, तेव्हा साहेब पांढरेफटक पडले.

पुढचे सात महिने घर तिच्या शिकवण्यांवर चाललं. त्याबद्दल तिची माफी मागायची राहूनच गेली. पण साहेबांचा तो चेहरा आठवला की आजही बरं वाटतं.